जखमेवरची पट्टी आणि पदार्थविज्ञान

गुडघा न फुटता ज्याचे बालपण सरले असा माणूस विरळाच. खेळताना पडलात, खरचटले, घरी कोणीतरी जखम धुऊन वर कापडाची पट्टी बांधली; इथपर्यंत सारे ठीक असते. खरा प्रसंग येतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पट्टी जखमेला घट्ट चिकटलेली असते. "डोळे मीट आणि एकदम ओढ, म्हणजे कळणारही नाही," असा सल्ला मिळतो. पट्टी निघते, तिच्याबरोबर खपली निघते आणि बरी होत आलेली जखम पुन्हा वाहू लागते.

आता हाच प्रसंग मुलांच्या रुग्णालयात घडतो अशी कल्पना करा. अंगावर गरम चहा सांडून भाजलेले दोन वर्षांचे मूल. पट्टी बदलण्याची वेळ झाली, की ढकलगाडीचा आवाज ऐकूनच ते रडू लागते. जखमेच्या दुखण्यापेक्षा पट्टी काढण्याची त्याला जास्त भीती वाटते. तिथल्या परिचारिकेसमोर रोज हा प्रश्न उभा असतो: या जखमेवर, या मुलाला कोणती पट्टी योग्य?

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही म्हणाल की हा प्रश्न डॉक्टरांचा आणि परिचारिकांचा. पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने त्यात का पडावे? त्याचे कारण असे, की पट्टी चिकटते, भिजते, सुकते, दाबते आणि सुटते ती तुमच्या पाठ्यपुस्तकातल्या नियमांनुसारच. केशाकर्षण, बाष्पीभवन, आसंजन, कार्य आणि दाब एवढे माहीत असले, की पट्टीची निवड कशी करतात हे सहज समजते. या साऱ्या विचाराचे सूत्र एकच आहे: पट्टी लावतानाच ती निघेल कशी, याचा विचार करायचा.

पट्टी का चिकटते?

जखमेवर नेहमी वापरतात ते विरळ विणीचे सुती कापड, म्हणजे गॉझ. त्याच्या प्रत्येक धाग्यात कापसाचे बारीक तंतू पिळलेले असतात आणि तंतूंच्या मधल्या फटी केशनलिकांसारखे काम करतात. समईची वात जसे तेल वर ओढून घेते, तसे हे कापड जखमेतून पाझरणारी पिवळसर लस ओढून घेते. हा गॉझचा गुण होय.

पण लशीत केवळ पाणी नसते, प्रथिनेही असतात. पाणी उडून गेले, की प्रथिने धाग्यांच्या जाळीत घट्ट होऊन बसतात. जणू खळ वाळावी तशी. त्या वाळलेल्या थरात धागे रुततात, आणि जाळीच्या छिद्रांतून जखमेची नवी, कोवळी वाढही वर येऊ पाहते. आता कापड ओढले तर ते एकटे कसे निघेल?

हे घरी करून पाहता येईल. तांदळाच्या पिठाची खळ शिजवून एका ताटलीत पातळ पसरा. तिच्यावर गॉझचे दोन तुकडे ठेवा, एक तसाच कोरा आणि दुसरा पेट्रोलियम जेली चोपडलेला. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी दोन्ही सोलून काढा. कोरा तुकडा खळीचे पापुद्रे घेऊनच वर येईल. दुसरा बराच अलगद सुटेल.

हीच युक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) फ्रान्समध्ये जखमी सैनिकांसाठी वापरली गेली. सुती जाळी मऊ पॅराफिनमध्ये भिजवून केलेली ही पट्टी 'त्यूल ग्रा' या नावाने प्रसिद्ध झाली. ती तयार करणारे होते ऑग्युस्त ल्युमिएर. हे नाव ओळखीचे वाटते ना? चलचित्रपटाचा शोध लावणाऱ्या ल्युमिएर बंधूंपैकी हे थोरले. त्यांची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली आणि आपल्या देशाला सिनेमा माहीत झाला. पुढे ऑग्युस्त वैद्यकीय संशोधनाकडे वळले. पडद्यावरची चित्रे आणि जखमेवरची पट्टी एकाच डोक्यातून निघावी, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

कोरडी की ओली?

"जखमेला हवा लागू द्या, ती सुकली म्हणजे बरी होते," हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर या संशोधकाने हे ताडून पाहायचे ठरवले. त्यांनी डुकरांच्या त्वचेवर एकसारख्या उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पापुद्रा लावला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. पुढच्याच वर्षी माणसाच्या जखमांवरही असाच अनुभव आला.

असे का व्हावे? नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशी जखमेच्या कडांवरून आणि केसांच्या मुळांपासून सरपटत पुढे येतात. पृष्ठभाग ओलसर असेल तर वाट सरळ असते. तो वाळून खपली झाली, की या पेशींना खपलीच्या खालून, ओलावा शोधत, जणू बोगदा खणत जावे लागते. वेळ त्यातच जातो.

मग जखम सतत भिजवून ठेवावी काय? तसेही नाही. बराच वेळ पाण्यात राहिलेली बोटे पांढरी पडतात, सुरकुततात. तशी जखमेच्या कडेची त्वचा फार ओलीने लिबलिबीत होते आणि फाटते. आपला शेतकरी पेरणीपूर्वी वाफशाची वाट पाहतो. चिखलात पेरले तर बी कुजते आणि कोरड्या मातीत ते उगवत नाही. जखमेलाही असा वाफसा लागतो. ओल टिकवायची, पण पाणी साचू द्यायचे नाही, हे पट्टीचे पहिले काम.

निरोगी त्वचेच्या एक चौरस मीटर भागातून दिवसाला सुमारे २०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने जाते. उघड्या जखमेच्या तेवढ्याच भागातून ५,००० ग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे पंचवीसपट! पट्टीने ही वाफ किती जाऊ द्यावी, हे जखम किती पाझरते त्यावर ठरते. म्हणूनच 'सर्वांत चांगली पट्टी' अशी एकच पट्टी नसते.

कपाटातल्या पट्ट्या

पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तिच्यातून पाण्याचे सुटे रेणू हळूहळू पार होतात, पण पाण्याचा थेंब किंवा जंतू आत शिरू शकत नाहीत. पट्टी न काढता जखम दिसते, हा मुलांच्या बाबतीत मोठाच फायदा. मात्र ती ओल शोषत नाही, तेव्हा फार पाझरणाऱ्या जखमेला ती उपयोगाची नाही.

हायड्रोकोलॉइड पट्टीत सेल्युलोजपासून केलेला एक पदार्थ, जिलेटिन आणि पेक्टिन असते. पेरूची जेली ज्यामुळे थिजते, तेच हे पेक्टिन. लस शोषून या पट्टीचा मऊ लगदा होतो आणि ती जखमेपासून सहज सुटते. जखमेत जंतूंचा प्रादुर्भाव झाला असेल तर मात्र अशी बंदिस्त पट्टी टाळतात.

अल्जिनेट पट्टी समुद्रशेवाळापासून करतात. तिच्यातले कॅल्शियमचे आयन लशीतल्या सोडियमच्या आयनांशी जागा बदलतात आणि कोरड्या धाग्यांचा जेल होतो. पुष्कळ पाझरणाऱ्या जखमेला ती उत्तम. पण कोरड्या जखमेवर लावली तर तीच वाळून चिकटते. स्पंजासारखी फोमची पट्टीही ओल शोषते आणि शिवाय धक्का झेलते.

ल्युमिएरच्या जाळीतही एक उणीव होती. काही दिवसांत पॅराफिन निघून जाते आणि जाळी पुन्हा चिकटू लागते. १९९० नंतर तिच्या जोडीला सिलिकोन लावलेली जाळी आली. मऊ सिलिकोन कोरड्या त्वचेला धरून राहते, ओल्या जखमेला मात्र चिकटत नाही. मुलांसाठी ही जाळी फार सोयीची. अडचण आहे ती किमतीची.

मुंबईतले दोन प्रयोग

किमतीचा प्रश्न आपल्याकडे कोणी सोडवू पाहिला की नाही? पाहिला, आणि तोही स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी. परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याची साले वापरली. साले बँडेजच्या कापडावर शेजारी शेजारी चिकटवून, निर्जंतुक करून ती पट्टी बांधत. १९८५ मध्ये त्यांनी याचा अहवाल प्रसिद्ध केला. बटाट्याची साल मुळात असते कशासाठी? आतला ओलावा राखण्यासाठीच. सोललेला बटाटा आणि न सोललेला बटाटा यांचे रोज वजन करा, म्हणजे सालीची करामत कळेल.

पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान वापरून पाहिले. कोकणात पानगी केळीच्या पानात भाजतात. पीठ पानाला चिकटून बसत नाही, याचे श्रेय पानाच्या गुळगुळीत मेणचट पृष्ठभागाला. हाच गुण जखमेवर कामी आला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत केळीचे पान बटाट्याच्या सालीइतकेच गुणकारी ठरले; शिवाय ते स्वस्त आणि तयार करायला सोपे. व्हॅसलिन लावलेल्या गॉझपेक्षा पान काढताना रुग्णांना कमी दुखले.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ही पाने आणि साले रुग्णालयात दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली होती. अंगणातले पान तोडून जखमेवर बांधणे म्हणजे जंतूंना आमंत्रण देणे होय.

"एकदम ओढ" हा सल्ला बरोबर आहे का?

पट्टी कितीही चांगली असली तरी तिच्या कडा त्वचेला चिकटवाव्या लागतात. ही चिकटपट्टी काढताना दोन गोष्टी महत्त्वाच्या: वेग आणि कोन.

आधी वेग पाहू. टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टी लावा आणि तिचे एक टोक मोकळे लोंबते ठेवा. त्याला कागदाचे छोटे पारडे बांधून त्यात वजने टाका. थोड्या वजनाला पट्टी अगदी सावकाश सुटते. वजन वाढवले, की ती भराभर सुटू लागते. याचाच अर्थ, जलद सोलायचे तर बल जास्त लागते. डिंकासारखे चिकट पदार्थ काहीसे द्रवासारखे वागतात. त्यांना सावकाश ताणले तर ते वाहतात, झटका दिला तर घट्ट धरतात. झटका दिला, की ते वाढलेले बल सोसावे लागते बिचाऱ्या त्वचेला.

आता कोन. पट्टी त्वचेला काटकोनात, सरळ वर ओढली, तर १ सेंमी पट्टी सुटताना तुमचा हात १ सेंमी सरकतो. तीच पट्टी उलट दुमडून, त्वचेला लगटून मागे ओढली, तर १ सेंमी सुटण्यासाठी हात २ सेंमी सरकतो. पट्टी सोडवण्याचे कार्य दोन्ही वेळा साधारण तेवढेच. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. अंतर दुप्पट झाले, तेव्हा बल निम्मे! शिवाय त्वचा वर उचलली जात नाही. तेव्हा नियम असा: पट्टी दुमडून, त्वचेलगत, सावकाश, आणि दुसऱ्या हाताने शेजारची त्वचा धरून काढावी. पारदर्शक फिल्म असेल तर ती त्वचेला समांतर ताणली, की आपोआप सुटत जाते. चिकटलेले गॉझ मिठाच्या कोमट, निर्जंतुक द्रावणाने भिजवून मगच उचलावे. हे द्रावण ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मिठाचे असते. परासरणाच्या दृष्टीने ते रक्ताच्या तोलाचे असल्यामुळे पेशींना इजा करत नाही.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

कपभर चहा मोठ्या माणसावर सांडला काय किंवा वर्षाच्या मुलावर सांडला काय, भिजणारी जागा साधारण तेवढीच. समजा ती ५०० चौ. सेंमी आहे. ६० किलोच्या माणसाच्या त्वचेचा हा सुमारे ३ टक्के भाग झाला. १० किलोच्या मुलाच्या त्वचेचा मात्र १० टक्के.

आता गणित करा. जखम उघडी राहिली तर तेवढ्या जागेतून दिवसाला सुमारे २५० ग्रॅम पाणी उडू शकेल. या मुलाला दिवसभरात पाणी लागते सुमारे १ लिटर. म्हणजे चौथा हिस्सा नुसता वाफ होऊन गेला! १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी अप्रकट उष्मा लागतो. २५० ग्रॅमला झाल्या १,४५,००० कॅलरी, म्हणजेच १४५ किलोकॅलरी. यातली बरीचशी उष्णता मुलाच्या अंगातून जाते. त्याचे दिवसाचे अन्नच मुळी हजार किलोकॅलरींच्या आतबाहेर. जवळजवळ सातवा हिस्सा असा निघून गेला तर शरीराने वाढायचे कशावर? म्हणून मुलाच्या जखमेवर झाकण नीट असणे हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही.

नवजात बालकाचा हिशेब आणखी नाजूक आहे. ३ किलोच्या बाळाची त्वचा सुमारे ०.२ चौ. मीटर, म्हणजे दर किलोला ६७० चौ. सेंमीच्या घरात. मोठ्या माणसाच्या तुलनेत हे अडीच पट. त्वचेतून एखादे औषध शोषले गेले, तर वजनाच्या मानाने त्याची मात्रा तितकीच वाढते. त्यामुळे आयोडीन असलेल्या पट्ट्या तान्ह्या बाळांना लावताना फार जपतात. शोषलेले आयोडीन त्यांच्या थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडवू शकते. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचे वरचे थर तर एकमेकांना इतके सैल बांधलेले असतात, की नेहमीची चिकटपट्टी ओढली तर तिच्याबरोबर त्वचाच सोलून येते. अशा बाळांना चिकटपट्टी शक्य तितकी कमी, आणि लावलीच तर सिलिकोनची.

आणखी एक नियम बँडेज गुंडाळण्याचा. गोल अवयवावर ताणून बांधलेल्या पट्टीचा दाब तिच्या ताणाच्या सम प्रमाणात आणि अवयवाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४ सेंमी त्रिज्येच्या हातावर जो ताण ठीक वाटतो, तोच २ सेंमी त्रिज्येच्या चिमुकल्या हातावर दुप्पट दाब देतो. म्हणून मुलाचे बँडेज सैल हाताने बांधतात, बोटांची टोके उघडी ठेवतात, आणि ती गुलाबी व उबदार आहेत ना, हे पुन्हा पुन्हा पाहतात.

परिचारिका काय विचारते?

कपाट उघडण्यापूर्वी अनुभवी परिचारिका मनाशी काही प्रश्न विचारते.

१. जखम किती पाझरते? कोरडीला ओल द्यायची, वाहतीची ओल शोषायची.
२. लाली पसरणे, पू, दुर्गंध अशी जंतूंची लक्षणे आहेत का?
३. मूल किती वयाचे आहे आणि त्याची त्वचा कशी आहे?
४. जागा कोणती? कोपरावर पट्टी वाकली पाहिजे; लंगोटाजवळ ती भिजता कामा नये; बोटांवर ती तोंडात जाता कामा नये.
५. किती दिवस ठेवता येईल? जितक्या वेळा पट्टी बदलायची, तितक्या वेळा मुलाला सोसावे लागणार.
६. आणि शेवटी, ही पट्टी निघेल कशी?

याशिवाय वेदनाशामक औषध आधी देऊन त्याचा परिणाम होईपर्यंत ती थांबते. मूल मोठे असेल तर पट्टीचे एक टोक त्याच्याच हाती देते. स्वतः सोलताना वेग आपल्या ताब्यात राहतो आणि भीती निम्मी होते. हे मात्र कोणत्याही समीकरणात बसत नाही.

तुम्ही काय कराल?

साधे खरचटले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या आणि झाका. जखमेवर थेट कापूस ठेवू नका, त्याचे तंतू आत राहतात. भाजले तर लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नका. जखम खोल असेल, मातीने भरली असेल, प्राणी चावला असेल, लाली पसरत असेल, किंवा भाजलेली जागा त्या मुलाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, तर पट्टी निवडण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही तेच सांगतील.

शिक्षकांना एक विनंती. खळीचा, बटाट्याचा आणि टेबलाखालच्या चिकटपट्टीचा असे तिन्ही प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावेत. चिकटपट्टीच्या प्रयोगात वजन आणि सुटण्याचा वेग यांचा आलेख काढता येईल. तो एकदा स्वतःच्या हाताने काढलेला विद्यार्थी धाकट्या भावंडाची पट्टी झटक्याने ओढणार नाही. तो आधी पाणी कोमट करायला ठेवील.